वजा शून्य

सर,

क्लासमध्येच भरलेल्या शोकसभेत तुमचा फोटो त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तो तिरका होता. हाराच्या वजनानं डावीकडे कललेला. समोर बसलेले बहुतेक तुमचे विद्यार्थी. एकामागून एक उठून तुमच्या शिस्तीबद्दल गहिवरून बोलत होते, पण उठून तो फोटो सरळ करावा असं एकालाही वाटलं नाही. मी दाराजवळच्या खुर्चीवर होते, जिथे नेहमी बसायचे, आणि खरं सांगायचं तर मला तो तिरकाच बरा वाटत होता.

मग ते दुकानदार उठले. ज्यांच्या दुकानातल्या चोरीच्या सीड्यांना तुम्ही 'डाकू माल' म्हणायचात, तेच. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सर नेहमी म्हणायचे, वजा शून्य! मित्रहो, याचा अर्थ काय? एवढा मोठा माणूस, पण स्वतःला शून्यसुद्धा समजत नव्हता. शून्याच्याही खाली समजत होता. केवढी ही नम्रता!"

लोकांनी माना डोलावल्या. एक बाई रडल्या. मला हसू आलं. ते लपवायला मी रुमाल तोंडाला लावला, तर शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुम्ही आणि नम्र! क्लासच्या पाटीवर तुमचं नाव क्लासच्या नावापेक्षा मोठं होतं. त्याखाली 'सुभेदार (निवृत्त), सिग्नल्स', आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून, 'संगणक शिकवले जाईल'.

सभा संपल्यावर मला सांगण्यात आलं की स्मरणिका निघणार आहे, आणि 'सरांचा वजा शून्य' यावर मी दीड पान लिहावं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे शुद्धलेखन कुणीतरी तपासून घेईल, असंही सांगितलं. मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवते. त्यावरच तर तुमचं इतके दिवस निभावलं.

तर हे ते दीड पान. थोडं लांबेल.

वजा शून्य तुमचा नव्हता, सर. तो माझा होता. तुम्हाला तो शेवटपर्यंत कळलाही नव्हता.

सत्त्याण्णव साल होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या तुमच्या क्लासचे दोन जिने चढून आले, तेव्हा तुम्ही रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलंत, "शाळा कंची?"

"पाचगणी," मी म्हटलं.

"म्हंजे कॉन्व्हेंट."

झालं. त्या दिवसापासून माझं नाव कॉन्व्हेंट. "ए कॉन्व्हेंट, कीबोर्ड पूस." "कॉन्व्हेंटला इचारा, तिला इंग्रजी येतंय." "कॉन्व्हेंट, तोंड उघड, दातं दिसली तर पाप लागत न्हाई." सगळे हसायचे. माझं खरं नाव तुम्हाला आठवत होतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

साताऱ्यात तेव्हा सगळीकडे संगणक चालवणारी एकच प्रणाली शिकवत, तीही त्या दुकानदारांच्या सीडीवरची. तुमच्याकडे लिनक्स. एका मासिकाबरोबर आलेली सीडी तुम्ही तीन यंत्रांवर चढवली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचात, "फुकट म्हणून न्हाई घेतलं म्या. खुलं म्हणून घेतलं. ह्यात कुलूप न्हाई. कुठलीबी फाईल उघडा, वाचा, बदला." भिंतीवर तुम्ही स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: 'जो फाईल बदलेल त्याने आपले नाव वर लिहावे.' फौजेतल्या पाट्यांसारखी चौकोनी अक्षरं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. माझ्या शाळेत असं कुणी काही खुलं ठेवत नसे. मी ते खरं मानलं, हा माझा मूर्खपणा.

त्या यंत्रांवर खिडक्यांची एक गंमत होती. कुठलाही प्रोग्राम सुरू केला की त्याची खिडकी लगेच उघडत नसे. तिची नुसती पोकळ चौकट माऊसच्या बाणाला चिकटून यायची, आणि आपण बटण दाबून 'इथे बस' असं सांगेपर्यंत तशीच बाणामागे फिरत राहायची. मला ते बरं वाटायचं. आधी विचारायचं, मग बसायचं. मला ती चौकट समजत होती.

तुमचा मात्र संताप व्हायचा. "ही काय पद्धत? जवान परेडला येतो आन् इचारतो, साहेब, उभा कुठं ऱ्हाऊ? आरं, तुझी जागा ठरल्याली हाय!" फौजेत खाटेवर सगळं सामान मांडून ठेवायचं असतं, चहाचा मग, ताट, ब्रश, दाढीचं सामान, आणि साहेब तपासायला आला की एक बोटभरही कुठे सरकलेलं चालत नाही, हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितलंत की मला तुमच्या त्या खाटेची स्वप्नं पडायला लागली. पडदा म्हणजे तीच खाट. प्रत्येक खिडकी यंत्र सुरू होताच आपापल्या जागी हजर पाहिजे.

खिडक्यांच्या जागा ठरवणाऱ्या प्रोग्रामचे सगळे हुकूम एका साध्या फाईलमध्ये लिहिलेले असतात. त्यात खिडकीच्या नावापुढे जागेचे दोन आकडे द्यायचे: कडेपासून किती ठिपके आत, आणि वरून किती ठिपके खाली. तुम्ही हे आकडे कसे काढायचात ते स्मरणिकेत यायलाच हवं. फूटपट्टीनं. कंपासपेटीतली पिवळी फूटपट्टी तुम्ही मॉनिटरच्या काचेवर टेकवायचात, एक डोळा मिटायचात, आणि ओरडायचात, "साडेसतरा! एका सेंटीमीटरला बत्तीस ठिपकं. कॉन्व्हेंट, लिव्ह, पाचशे साठ!" काचेवर तुमच्या पट्टीच्या रेघा उमटल्या होत्या. आम्ही त्या ओढणीनं पुसायचो.

माझ्याकडे तीनशे पानी इंग्रजी सूचना होत्या, त्याच सीडीवरच्या. क्लासमध्ये त्या वाचणारी मी एकटी. त्यात एका ओळीत लिहिलं होतं की कडेपासूनच्या आकड्याआधी अधिकचं चिन्ह दिलं तर ठिपके डाव्या कडेपासून मोजले जातात, आणि वजाचं दिलं तर उजव्या. म्हणजे अधिक शून्य लिहिलं तर खिडकी डाव्या कडेला चिकटते आणि वजा शून्य लिहिलं तर उजव्या कडेला. पट्टी नको, सेंटीमीटर नको. पडदा केवढाही असो.

हे तुम्हाला सांगायला मी दोन दिवस धीर गोळा केला. तुम्ही ऐकलंत आणि खडू खाली ठेवलात.

"वजा शून्य?"

"हो सर."

"शून्याला वजा असतंय?"

"इथे असतं, सर. इथे वजा म्हणजे कमी नाही, दुसऱ्या बाजूनं..."

"आगं सातवीच्या पोराला इचार जा. वजा शून्य म्हंजे शून्यच. पाचगणीत गणित शिकवत्यात का नुसतं चमच्यानं जेवायला?"

सगळा क्लास हसला. मी मान हलवली. मी करून दाखवू शकले असते, एका मिनिटाचं काम होतं. पण माझ्यामागे हसणारी माणसं असताना माझ्या हाताला कीबोर्डवरची अक्षरं सापडत नाहीत. तुम्हाला ते ठाऊक होतं.

मग सांगली. विश्रामबागेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टरबाईंना त्यांच्या सहा जुन्या यंत्रांवर नमुन्यांची नोंद करायची होती. नोंदीचा प्रोग्राम तुम्ही लिहिलात, आणि तो चांगला होता, हे मी कुणासमोरही सांगेन. खिडक्यांची फाईल मात्र मी लिहिली. अडीचशे ओळी, तीन आठवडे. डावीकडे नवीन नमुन्याची नोंद, उजवीकडे बाकी राहिलेल्या नमुन्यांची यादी. एक खिडकी दुसरीवर आली की बाईंच्या माणसाचं टायपिंग भलत्याच ठिकाणी जाणार, म्हणून दोन्हींनी जागा सोडायची नाही, एवढंच काम होतं, आणि तेच अवघड होतं. फाईलच्या वर, भिंतीवरच्या पाटीप्रमाणे, मी माझं नाव लिहिलं. उजव्या खिडकीपुढे मात्र तुमच्या हुकमाप्रमाणे पाचशे साठ.

तुम्ही, मी आणि कंदी पेढ्यांचा पुडा असे एस.टी.नं सांगलीला गेलो. सहाही यंत्रं लावली, सुरू केली. लॅबमधले मॉनिटर जुने होते, आपल्यापेक्षा कमी ठिपक्यांचे. उजवी खिडकी काचेच्या बाहेर गेली. तिची फक्त डावी पट्टी दिसत होती: नमुन्याचा नंबर आणि नावाची दोन-तीन अक्षरं. काउंटरवरच्या शैलाताईंनी ती ओढून घ्यायला बाण उजवीकडे नेला, तो कडेला लागला, आणि अख्खा पडदा सरकून काचेपलीकडचं दुसरं पान समोर आलं, यादीच्या शेपटीखेरीज रिकामं.

"आवं सुभेदार, समदं पळालं की!"

"हात लावू नगा!" तुम्ही ओरडलात आणि खिशातून फूटपट्टी काढलीत. रक्ताच्या बाटल्यांच्या शेजारी उभं राहून तुम्ही काच मोजायला लागलात. डॉक्टरबाई हाताची घडी घालून बघत होत्या. तुम्ही दोनदा मोजलंत, दोन वेगळे आकडे आले. तुमच्या मानेवर घाम होता. त्या वेळी मला तुमची दया आली होती, आणि ती आल्याचा मला आजही राग आहे.

बाई म्हणाल्या, "आधी चहा घ्या सुभेदार." तुम्ही त्यांच्या खोलीत गेलात. मला कुणी चहा विचारला नव्हता, म्हणून मी तिथेच होते. मी पाचशे साठ खोडलं आणि वजा शून्य लिहिलं. सहा यंत्रांवर, सहा वेळा. प्रत्येक ठिकाणी यादी उजव्या कडेला जाऊन अशी बसली की दोन खिडक्यांमध्ये सुतासारखी एक रेघ उरली. शैलाताई म्हणाल्या, "लय झ्याक!" माझ्या कामाला मिळालेली ती पहिली शाबासकी. तेवढीच.

तुम्ही मिशा पुसत बाहेर आलात. पडद्याकडे बघितलंत. मग वाकून फाईल वाचलीत, बराच वेळ. मागून बाई आल्या.

"अरे वा. कसं काय केलंत?"

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला एकच नाव घ्यायचं होतं. कॉन्व्हेंट म्हणाला असतात तरी चाललं असतं.

"वजा शून्य, मॅडम," तुम्ही म्हणालात. छाती पुढे. "सिग्नल्समधली ट्रिक हाय."

"आणि या?"

"ही आमची टायपिस्ट."

बाई माझ्याकडे बघून हसल्या, टायपिस्टकडे बघून हसतात तशा. मी मान हलवली.

परतीच्या गाडीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि भडंगाचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलात. इस्लामपूर गेलं, कराड आलं. उंब्रजच्या पुढे तुम्ही समोरच्या सीटकडे बघत म्हणालात, "पर शून्याला वजा नसतंय."

"दुसऱ्या बाजूनं मोजायचं, सर."

"उलटीकडनं?"

"हो."

"मग उलटं म्हणावं की. वजा कशाला म्हणत्यात?" आणि थोड्या वेळानं, "भडंग खा. मऊ पडंल."

मी खाल्लं नाही. पुडा तसाच सीटवर सोडून उतरले. तुम्ही तो उचललात की नाही ते बघितलं नाही. आपल्यातला हा वाद इथेच थांबला. मला वाटलं होतं, कधीतरी मी तो पुरा करीन. तुम्हाला बसवीन आणि दाखवीन. तुमची जाण्याची घाई आडवी येईल हे कुणाला माहीत.

पुढच्या सोमवारी क्लासमध्ये तुम्ही फळ्यावर लिहिलंत: 'वजा शून्य'. "हे कुणाला म्हाईत हाय? न्हाई ना? हे पुस्तकात घावत न्हाई." दर नव्या तुकडीला तुम्ही ते सांगत गेलात. का, असं कुणी विचारलं की म्हणायचात, "त्ये पुढच्या कोर्समधी." पुढचा कोर्स नव्हताच. आणि आता त्याचा अर्थ नम्रता झाला आहे. तुम्ही चोरलंत, ते निदान काम करत होतं. त्या दुकानदारांनी आणि तुमच्या शिष्यांनी त्याचं सुविचारात रूपांतर केलं. तुमच्यापेक्षा मला त्यांचा राग जास्त येतो, हे तुम्हाला आवडेल.

तरीही मी क्लास सोडला नाही, आणि का सोडला नाही हेही इथे लिहायला हवं. नाहीतर मीही फळ्यावर अर्धंच लिहिणारी होईन. तुम्ही कधी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिला नाहीत. खोलीत यायच्या आधी जिन्यातून खोकायचात. तीन यंत्रांपैकी दाराजवळचं यंत्र तुम्ही कधी बोलून न दाखवता माझ्यासाठी मोकळं ठेवायचात, आणि त्यातली कुठलीही फाईल मी उघडली तरी विचारायचा नाहीत. घरी मला बघायला पाहुणे येणार होते त्या शनिवारी बाबा मला न्यायला क्लासवर आले. मी खाली बघत उभी होते. तुम्ही बाबांना म्हणालात, "आज न्हाई जमायचं. इन्स्पेक्शन हाय." बाबा तुमच्या फौजी आवाजाला घाबरले आणि परत गेले. कसलंही इन्स्पेक्शन नव्हतं. तुम्ही मला वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "कॉन्व्हेंट, कीबोर्ड पूस," एवढंच म्हणालात.

माझ्यासाठी तुम्ही इतकं सरळ खोटं बोलू शकत होता. मग खरं बोलायला काय झालं होतं?

सभेनंतर चौथ्या दिवशी क्लासमधला फोन वाजला. किल्ली माझ्याकडे होती, बाकीचे स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर भांडत होते. सांगलीच्या डॉक्टरबाई. नवे मोठे मॉनिटर आले होते. "दोन्ही खिडक्या बरोबर कडेला बसल्यात हो, त्याचा काही प्रश्न नाही. पण मध्ये बरीच जागा उरते आहे. तिथे तिसरी खिडकी हवी, तातडीच्या नमुन्यांची. सुभेदार गेले, आता ती फाईल कुणाला कळते?"

"मी येते," मी म्हटलं.

एकटी गेले. शैलाताईंनी खुर्ची दिली, आणि या वेळी चहा. मी फाईल उघडली. सांगलीहून आल्यापासून मी ती पाहिली नव्हती. यंत्रांच्या देखभालीला महिन्यातून एकदा तुम्ही एकटेच जायचात.

वर माझं नाव नव्हतं. तुमचं होतं, हुद्द्यासकट. हे मला अपेक्षित होतं, आणि तरी ते मी दोनदा वाचलं.

मी खाली गेले, उजव्या खिडकीच्या ओळीपर्यंत. या फाईलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं एक चिन्ह दिलं की यंत्र ती ओळ सोडून देतं. ती फक्त माणसांनी वाचायची. माझ्या वजा शून्याच्या वर तशी एक ओळ होती, रोमन अक्षरांत, तुमच्या फौजी हिंदीत: 'क्यों चलता है पता नहीं. मत छेड़ना.'

सहाही यंत्रांवर होती. सहा वेळा तुम्ही ती टाइप केली होती, एका बोटानं. मी पाहिलंय तुम्हाला टाइप करताना. तेवढ्या ओळीला तुम्हाला पाच मिनिटं लागली असणार.

म्हणजे कबूल करता येत होतं तुम्हाला. यंत्राला सांगता येत होतं. जिथे कुणी बघणार नाही अशा ठिकाणी, माझ्याच ओळीच्या डोक्यावर. शेजारच्या सीटवर मी चार तास बसले होते, सर. मांडीवर भडंग घेऊन.

मला रडू आलं नाही. मला तुमचा इतका राग आला की मी उठून नळावर जाऊन तोंड धुतलं.

परत आले तर डॉक्टरबाई पडद्यासमोर वाकून उभ्या होत्या. "तुम्ही टायपिस्ट ना? मग हे बदलणार कोण?"

"ही फाईल माझी आहे," मी म्हटलं.

शेजारी रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र घरघरत होतं. त्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालात?"

इतर कुठल्याही दिवशी मी मान हलवून 'काही नाही' म्हटलं असतं. शैलाताईंनी पुढे होऊन ते यंत्र बंद केलं. खोली अचानक शांत झाली, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ही फाईल मी लिहिली आहे," मी पुन्हा म्हटलं. "वजा शून्यसुद्धा. सुभेदारांनी नाही."

बाई पडद्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मग तिसरी खिडकी कुठे बसवणार?"

मी दाखवलं. माझे हात नीट चालले. तासाभरात काम झालं.

निघण्याआधी मी फाईलच्या वर गेले. तुमचं नाव खोडायला बोट कळीवर ठेवलंही होतं. पण तुम्ही ती फाईल बदलली होतीत, एका ओळीनं का होईना, आणि भिंतीवरचा नियम तुम्ही मोडलात म्हणून मी मोडायचा असं काही नाही. तुमचं नाव ठेवलं, हुद्दा काढला. त्याच्या वर माझं लिहिलं. कॉन्व्हेंट नव्हे, माझं.

मग खाली जाऊन तुमच्या ओळीखाली, तसंच जाळीचं चिन्ह देऊन, आपला वाद पुरा केला: 'वजा म्हणजे कमी नव्हे. उजव्या कडेपासून मोजायचं. म्हणून चालतं.'

तुमची ओळ मी पुसली नाही. फाईल खुली आहे, सर. ज्याला हवं त्यानं उघडावी आणि दोघांचंही वाचावं.